धुरीवरचे वजन

बैलगाडीच्या दोन खोडींना मराठीत दोन स्वतंत्र शब्द आहेत. ओझे पुढे जास्त भरले की गाडी ‘धुरजड’ होते. जू बैलांच्या मानेत रुतते, खांदे सुजतात आणि उतारावर सगळा भार जनावरांच्या पुढच्या पायांवर येतो. ओझे मागे जास्त झाले की गाडी ‘उलाळ’ होते. मग धुरी वर उचलली जाते, गळ्याखालचे पट्टे बैलांना आवळतात आणि चढावर गाडी मागे बसू पाहते. मुरबाड तालुक्यात सरळगावच्या बाजूला आमचे घर. भात झोडून झाला की पेंढ्याची गाडी भरायची, आणि बैल जुंपण्याआधी वडील जू दोन्ही हातांनी उचलून बघायचे. सहज उचलले गेले तर दोन भारे मागून काढून पुढे टाकायला सांगायचे. उचलताना कंबर धरली तर दोन भारे मागे. “उचललं गेलं पाहिजे, पण उचलल्याचं हातांना कळलंही पाहिजे,” एवढेच त्यांचे शास्त्र होते.

या पुस्तकाचा विषय वरवर पाहता आपल्याकडचा नाही. मोटारीमागे ओढायचा राहता ट्रेलर, म्हणजे चाकांवरची खोली, आणि ती जोडण्यासाठी वजन वाटणारी व डोल रोखणारी हिच कशी निवडावी, हे त्यात सांगितले आहे. शहापूर-मुरबाडच्या वाचकाला वाटेल, हे अमेरिकेतल्या लोकांचे सुख आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? मी सगळी हयात मुरबाड रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये ट्रॉल्या बांधण्यात आणि मोडलेल्या ट्रॉल्या जोडण्यात घालवली. त्या अनुभवावरून सांगतो की संबंध फार जवळचा आहे. पुढे ओढणारे एक, मागे ओढले जाणारे दुसरे आणि मध्ये एकच सांधा. मग बैल असोत, ट्रॅक्टर असो की मोटार, दुखणी दोनच. म्हणूनच या पुस्तकात ट्रेलरच्या पुढच्या टोकाने गाडीवर टाकलेल्या भाराला ‘धुरीवरचे वजन’ म्हटले आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. शब्द आपल्या घरात होता, तो लेखकांनी पुन्हा वापरात आणला.

आधी दोन दुखणी वेगळी ओळखू या, कारण बाजारात ती एकाच डब्यात घालून विकली जातात. पहिले दुखणे मोटारीचे. ट्रेलरचे पुढचे टोक ज्यावर बसते तो हिचचा गोळा मागच्या चाकांच्या पुष्कळ मागे असतो. त्यावर वजन पडले की मागची चाके टेकूसारखी होतात आणि गाडीचे तोंड वर येते. पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागते, ब्रेकची पकड कमी होते आणि रात्री दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. दुसरे दुखणे ट्रेलरचे. तो मागे डावी-उजवीकडे डोलू लागतो. आमच्याकडचे ड्रायव्हर म्हणतात, ‘ट्रॉली शेपूट मारते.’ पहिल्या दुखण्यावर वजन वाटणारी हिच आहे, दुसऱ्यावर डोल रोखणारी जोडणी. पण गंमत अशी की धुरीवरचे वजन घटवले तर पहिले दुखणे कमी होते आणि दुसरे बळावते. या ओढाताणीतूनच हा सगळा विषय जन्मला आहे.

त्याचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. हौसेसाठी राहती गाडी ओढण्याची सुरुवात इंग्लंडमध्ये घोड्यांनी झाली. १८८५ साली डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ‘वाँडरर’ नावाची खास बांधून घेतलेली गाडी दोन घोडे जोडून स्कॉटलंडपर्यंत नेली. मोटारी आल्यावर हे वेड वाढले. अमेरिकेत वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ मध्ये ॲल्युमिनियमचा, वाऱ्याला कमी अडणारा ‘क्लिपर’ ट्रेलर आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे महामार्ग लांबले, ट्रेलर जड झाले आणि मऊ स्प्रिंगांच्या लांबलचक मोटारी मागे बसू लागल्या. त्या मागे बसलेल्या मोटारींवरचा उपाय म्हणून वजन वाटणारी हिच रुजली.

शेतीत त्याच काळात दुसऱ्या वाटेने तोच विचार चालला होता. आयरिश अभियंता हॅरी फर्ग्युसन यांनी १९२०च्या दशकात नांगर आणि ट्रॅक्टर तीन बिंदूंनी जोडण्याची पद्धत शोधली, आणि १९३९ मध्ये फोर्डबरोबर तसा ट्रॅक्टर बाजारात आला. त्याआधी नांगर खडकाला अडला की ट्रॅक्टरचे तोंड वर उठून तो चालकावर उलटत असे. फर्ग्युसनच्या जोडणीत अडलेल्या नांगराचा जोरच मागच्या चाकांना जमिनीवर दाबतो आणि पुढची चाकेही खाली राहतात. आज आपल्या शिवारातल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे ते तीन दांडे दिसतात. तरीही पावसाळ्यात चिखलात रुतलेली गाडी काढताना कोणीतरी टोचनाची साखळी खालच्या ड्रॉबारला न लावता वर, ॲक्सलच्या बाजूला बांधतो, आणि ट्रॅक्टर मागे उभा राहतो. ओढ ॲक्सलच्या खालून गेली पाहिजे, ही एक ओळ गावोगावी लिहून लावावी अशी आहे.

आता वर्कशॉपमधला एक प्रसंग. कल्याणकडचे एक गृहस्थ छोटा राहता ट्रेलर घेऊन माळशेजला निघाले होते. टोकावड्याच्या अलीकडे एसटीने ओलांडले, तेव्हा ट्रेलरने असे हेलकावे दिले की त्यांचे हात थरथरू लागले. परत येताना ते माझ्याकडे थांबले आणि म्हणाले, “डोल रोखणारी चांगली हिच बसवून द्या, पैशाचं बघू नका.” मी आधी ट्रेलर वजनकाट्यावर नेला. भरलेला ट्रेलर ९०० किलो. मग धुरी मोजली: ३५ किलो, म्हणजे शेकडा चारसुद्धा नाही. गाडी उलाळ होती. आत पाहिले तर ८० लिटरची पाण्याची टाकी चाकांच्या दीड मीटर मागे आणि २५ किलोची बॅटरी अगदी मागच्या भिंतीला लावलेली. गोळ्यापासून चाकांपर्यंतचे अंतर ३.२ मीटर. टाकी १.८ मीटर पुढे सरकवून चाकांच्या किंचित पुढे घेतली. धुरीवर ४५ किलो वाढले. बॅटरी २.४ मीटर पुढे घेतली. आणखी १९ वाढले. धुरी ९९ किलोवर आली, म्हणजे शेकडा ११. कोणतीही हिच न विकता डोल जवळजवळ गेला. त्या दिवशी मला जू उचलून पाहणारे वडील आठवले.

पण धुरीवर शंभर किलो आले म्हणजे पहिले दुखणे उभे राहिले. हिशेब साधा आहे. त्या मोटारीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २.७५ मीटर होते आणि गोळा मागच्या चाकांच्या १.१ मीटर मागे. शंभर किलोंनी पुढच्या चाकांवरचे ४० किलो उचलले गेले आणि मागच्या चाकांवर १४० वाढले. वजन वाटणाऱ्या हिचला दोन लवचीक पोलादी दांडे असतात. ते गोळ्यापाशी अडकवून मागची टोके ट्रेलरच्या चौकटीला ताणून बांधतात. ढकलगाडीचे दांडे उचलले की तिचे तोंड खाली जाते, तसे हे दांडे मोटारीचे तोंड खाली दाबतात. ताण असा ठेवला की पुढचे सगळे ४० किलो परत यावेत, तर मागच्या चाकांवरचा जादा भार ७४ उरतो आणि २६ किलो ट्रेलरच्या चाकांकडे जातात. ताण निम्मा ठेवला तर पुढे २० किलो कमी, मागे १०७ जास्त आणि ट्रेलरकडे १३. कशीही बेरीज करा, उत्तर शंभरच. या हिचने वजन नाहीसे होत नाही, फक्त वाटले जाते. गाडीची ओढण्याची ताकद तिने वाढत नाही आणि उलाळ भरलेला ट्रेलर तिने शहाणा होत नाही. पूर्वी सल्ला असे की पुढचे सगळे वजन परत आणा. आता अनेक मोटार-कंपन्या निम्म्याच्या आसपास थांबायला सांगतात, कारण जास्त ताणले की मागची चाके हलकी पडून गाडीचे ढुंगण सुटू लागते.

डोल रोखण्याचे घराणे मोठे आहे. सर्वांत जुनी आणि स्वस्त युक्ती घर्षणाची: मोटार आणि ट्रेलर यांच्यामध्ये एक सरकता दांडा, ब्रेकसारखा आवळलेला, वळायला थोडा विरोध करणारा. दुसऱ्या घराण्यात वजन वाटणारे दांडेच आपल्या टेकूंवर घासतात. एकाच जोडणीत दोन्ही कामे होतात, म्हणून बहुतेक घरगुती ट्रेलरवाले तिथेच थांबतात. तिसऱ्यात दांड्यांच्या टोकाला खाच आणि उंचवटा असतो, त्यामुळे ट्रेलर सरळ रेषेत स्वतःहून बसू पाहतो. चौथे घराणे जिम हेन्स्ली यांच्या विचाराचे. त्यात चार सांध्यांची चौकट असते. तिच्यामुळे ट्रेलर जणू मोटारीच्या मागच्या चाकांपाशीच जोडला आहे असा वागतो. मोटार त्याला वळवू शकते, तो मोटारीला वळवू शकत नाही. मुंबई-नाशिक महामार्गावर कसाऱ्याचा घाट चढणारे कंटेनरचे ट्रेलर पाहा. त्यांचा सांधा ट्रकच्या मागच्या चाकांच्या डोक्यावरच असतो, मागे लोंबत नाही. एवढे अवजड धूड सरळ चालते त्याचे मोठे कारण तेच. शेवटचे घराणे इलेक्ट्रॉनिक: डोल जाणवताच ट्रेलरचे किंवा मोटारीच्या निवडक चाकांचे ब्रेक आपोआप लावणारे.

युरोपने वेगळी वाट धरली. तिथे धुरीवर शेकडा पाच ते सात वजन ठेवतात, अमेरिकेत दहा ते पंधरा. युरोपात वजन वाटणारे दांडे क्वचित दिसतात. त्याऐवजी जर्मनीच्या अल्कोसारख्या कंपन्यांचे गोळ्याला आतून घट्ट धरणारे जोड वापरतात. कमी धुरी त्यांना चालते, कारण त्यांचे ट्रेलर हलके असतात आणि वेगाला लगाम असतो. जर्मनीत ट्रेलर लावलेल्या मोटारीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, तपासणी होऊन परवानगी मिळाली तर १००. एका देशाची धुरी आणि दुसऱ्या देशाचा वेग अशी मोट बांधणे धोक्याचे आहे. आपल्याकडे दोन्हीकडचे सामान येते, त्यामुळे ही चूक इथे सहज होते. गोळ्याचेच पाहा: युरोपचा गोळा ५० मिलिमीटरचा, अमेरिकेचा नेहमीचा दोन इंची म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. डोळ्याला फरक दिसत नाही, सांध्याला कळतो.

या सगळ्या घराण्यांच्या वर मी एक गोष्ट ठेवतो. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात जोस डार्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगासाठी बांधलेला ट्रेलर प्रत्यक्ष ओढून, वजने हलवून पाहिली. त्यांचा लेख २००९ मध्ये आला. जास्त वेगात ट्रेलर स्थिर राहतो की नाही हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते, असे त्यांना आढळले: धुरीवरचे वजन, चाकांची जागा, आणि ओझे मध्यावर एकवटले आहे की दोन टोकांना पसरले आहे. घर्षणाच्या स्थिरकाचा उपयोग कमी वेगात दिसला, जास्त वेगात नाही. टोकांना ओझे नको, हे पेंढ्याची गाडी भरणाऱ्याला ठाऊक होते; प्रयोगाने त्याला आकडे दिले. वेग हा डोलाचा खरा मालक आहे. ताशी ६० ला आपोआप विझणारा हेलकावा ९० ला विझत नाही, आणि त्याच्याही पुढे दर खेपेला वाढत जातो.

हे पुस्तक आत्ताच का हवे, याची कारणे आपल्या दोन तालुक्यांतच आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात एका आसाच्या आणि दोन आसांच्या कॅरव्हॅनबरोबर तंबू-ट्रेलर, घडीचे कॅरव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलरही धरले आहेत. माळशेज, माहुली आणि भातसा परिसरात पावसाळ्यात आणि थंडीत माणसांची रीघ असते, आणि त्यांच्यातले काही आता मुक्काम बरोबर ओढून आणतात. दुसरीकडे ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता शहापूर तालुक्यातून वाहू लागला. त्या रस्त्यावर सपाटीला मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. किन्हवलीच्या वळणांवर ४० ने गेलेला ट्रेलर त्याच दिवशी तिथे शंभरी गाठू शकतो. किन्हवलीत माफ झालेली चूक समृद्धीवर माफ होत नाही.

आणि ट्रॉल्या तर घरोघर आहेत. वीटभट्टीची वीट, रेती, पेंढा, लग्नाचे वऱ्हाड, म्हशाच्या जत्रेला निघालेले सगळे कुटुंब, सगळे ट्रॉलीतूनच जाते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नव्हता. दोन चाकी ट्रॉलीची धुरी ट्रॅक्टरवर वजन टाकते. चार चाकी, टर्नटेबलवाली ट्रॉली टाकत नाही, पण उतारावर मागून रेटते. विटा पुढे रचल्या तर ट्रॅक्टरचे तोंड उचलते, मागे रचल्या तर पिनवर उलटा ताण येतो. पिनची कॉटर हरवली म्हणून तार पिळून लावलेली मी किती वेळा पाहिली याची गणती नाही. मोडलेल्या धुऱ्यांवर वेल्डिंग करताना प्रत्येक वेळी वाटायचे, हे लोखंडाचे दुखणे नव्हते, भरण्याचे होते. धुरी जोडून देता येते. ट्रॉलीखाली आलेला माणूस जोडून देता येत नाही.

या पुस्तकाने कोणत्याही एका कंपनीची हिच घ्या असे सांगितलेले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वाचकाच्या हाती त्याने एक क्रम दिला आहे. आधी भरलेल्या ट्रेलरचे खरे वजन, मग धुरीवरचे वजन, मग मोटारीच्या पुस्तिकेत आणि हिचच्या पट्टीवर लिहिलेली मर्यादा, मग ब्रेक, आणि सगळ्यांत शेवटी हिचची निवड. दांडे धुरीच्या वजनाला साजेसे हवेत. फार जाड घेतले तर लवचीकपणा जाऊन चौकटीला हादरे बसतात, फार बारीक घेतले तर ते नुसते वाकतात. ट्रेलरला रेट्यावर चालणारे ब्रेक असतील तर त्याचा जोड पुढे-मागे सरकावा लागतो, आणि ताणलेले दांडे त्याला अडवू शकतात. तेव्हा दोन्ही बनवणाऱ्यांची संमती पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मोटारीच्या पुस्तिकेत वजन वाटणाऱ्या हिचला मनाई असेल तर ती मनाई अंतिम. ट्रेलरची नोंदणी, मागचे दिवे आणि पाटी हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ खालचा विषय आहे. तोही लेखकांनी टाळलेला नाही. सूत्रांची गर्दी नाही, पण जिथे आकडा लागतो तिथे तो दिला आहे आणि तो कसा काढायचा हेही दाखवले आहे.

नव्या वाचकाला भीती वाटेल की हे अभियंत्यांचे काम आहे. तसे नाही. टेपने पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची तीनदा मोजायची: ट्रेलर नसताना, ट्रेलर टेकवल्यावर आणि दांडे ताणल्यावर. पहिल्या आणि दुसऱ्या मापात जेवढा फरक पडला, त्यातला निम्मा तरी तिसऱ्या मापात भरून निघाला पाहिजे. धुरी मोजायला घरातला वजनकाटा आणि एक भक्कम फळी पुरते. आणि रस्त्यावर ट्रेलर डोलू लागलाच तर एवढे लक्षात ठेवायचे: स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, मोटारीचा ब्रेक करकचून दाबू नका, ट्रेलरचे वेगळे ब्रेक हातात असतील तर फक्त ते लावा. वेग वाढवून डोल मोडतो असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नका.

बैलगाड्या आमच्या अंगणातून गेल्या, पण धुरजड आणि उलाळ या खोडी गेल्या नाहीत. त्या लोखंडी धुरीवर येऊन बसल्या. माझी वाचकांना एकच विनंती आहे. पुस्तक विकत घेतलेत, आता हिच विकत घेण्याआधी ट्रेलर किंवा ट्रॉली रोजच्यासारखी भरून एकदा वजनकाट्यावर न्या आणि धुरी मोजा. तो आकडा दारामागे खडूने लिहून ठेवा. मग हे पुस्तक उघडा.